आवळण्यालाही माप हवे

नागपूर शहराच्या पूर्व अंगास नंदनवन ही वस्ती आहे. कुही, उमरेड, भिवापूर या बाजूच्या शेतकऱ्यांना यंत्राच्या कामासाठी शहर गाठावे लागते, तेव्हा शहराचे हेच अंग त्यांना जवळचे पडते. अशा एखाद्या शेतकऱ्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. मार्गशीर्षाचे दिवस आहेत. गव्हाची पेरणी होऊन पंधरा दिवस झाले आहेत. विहिरीवरील पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन सुरू केले तर हेडच्या कडेने फुसफुस आवाज येतो, थंडाव्याच्या पाण्यातून बुडबुडे निघतात आणि पंप धड पाणी ओढीत नाही. मिस्त्री येऊन हेड उतरवितो. गॅस्केट एका जागी जळाले आहे आणि हेडचा तळ थोडा वाकला आहे, असे आढळून येते.

हेड पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलीस बांधून शेतकरी नंदनवनात येतो. तेथील कारागीर हेडच्या तळावर पोलादी सरळपट्टी उभी धरतो, तिच्याखाली फिलरची पातळ पाती सरकवून पाहतो आणि यंत्रावर तळ घासून सपाट करून देतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा हिशोब या कामात होतो. संध्याकाळी हेड गावी परततो. दुसऱ्या दिवशी नवे गॅस्केट घालून मिस्त्री हेड बसवितो, नटास पाना लावतो, पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी नळी चढवितो आणि दोन्ही पाय विहिरीच्या काठास टेकवून अंगातील सारे बळ लावून आवळतो. ‘आता काही हलत नाही,’ असा निर्वाळाही देतो. चौथ्या दिवशी तेच बुडबुडे पुन्हा दिसू लागतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे एक स्टड मानेशी तुटून त्याचा तुकडा ब्लॉकमध्ये अडकून राहतो.

पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या सुमारास गव्हाची मुकुटमुळे फुटतात आणि त्या वेळी दिलेले पाणी साऱ्या पाण्यांत मोलाचे, हे प्रत्येक गहू पिकविणारा जाणतो. ते पाणी आठवडाभर लांबले तर पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. काटोल-नरखेडकडील संत्राबागेत हाच प्रसंग वैशाखात ओढवला तर आंबिया बहाराची फळे झाडाखाली पडलेली पाहावी लागतात. इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च शेतकरी वहीत मांडतो. ही हानी मात्र त्या वहीत कोठेच चढत नाही.

या हकीकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. शहरात ज्या कामास मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजला गेला, त्याच कामाचा अखेरचा आणि निर्णायक भाग शेतावर निव्वळ अंदाजाने उरकला गेला. मिस्त्रीच्या अंगी कौशल्य नव्हते असे नाही. त्याच्या हाती माप नव्हते, आणि माप असावे असे त्याला, शेतकऱ्याला किंवा गावातील कार्यकर्त्याला वाटलेही नव्हते. शेतीच्या यंत्रीकरणासाठी अनुदाने आली, अवजारे आली, ट्रॅक्टर तर गावोगाव झाले. परंतु नट किती आवळावा हा प्रश्न अजून मनगटाच्या भरवशावर सोडलेला आहे. ही उणीव लहान दिसत असली तरी तिची किंमत लहान नाही.

हेड इंजिनावर नेमके कशाच्या बळावर टिकून राहते, हे समजण्यासाठी बैलगाडीच्या चाकाकडे पाहावे. लोहार चाकाचा लाकडी घेर मापून घेतो आणि त्याहून किंचित आखूड लोखंडी धाव बनवितो. ती तापवून, फुगवून चाकावर चढविली जाते. पाणी ओतताच ती आकसते आणि सारे आरे तुंब्यात घट्ट बसतात. धाव आकसू पाहते, चाक तिला आकसू देत नाही. या ओढाताणीतच चाकाचे बळ आहे. धाव फार आखूड झाली तर आरे वाकतात आणि चाक बिघडते. सैल झाली तर उन्हाळ्यात ती रस्त्यातच निसटते. म्हणून मुरलेला लोहार धाव कधी डोळ्याने ठरवीत नाही, मापाचे चक्र घेराभोवती फिरवून ठरवितो. योग्य ताणासाठी माप लागते, हे ज्ञान गावाला नवे नाही. इंजिन आले तेव्हा ते चाकावरून इंजिनावर आणावयाचे मात्र राहून गेले.

स्टड हा त्या धावेसारखाच आहे. नट आवळला की स्टड ताणला जातो. हाताच्या वीतभर लांबीचा पोलादी स्टड योग्य आवळला असता मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास लांबतो. डोळ्यांना ही वाढ दिसत नाही, परंतु पोलाद मूळ लांबीवर येण्याची सतत धडपड करीत असते आणि त्या धडपडीनेच हेड, गॅस्केट आणि ब्लॉक एकमेकांवर दाबले जातात. पोलाद एका मर्यादेपर्यंतच असे परत येऊ शकते. त्या मर्यादेपलीकडे ओढले की ते कायमचे लांबते, त्याची मान बारीक होते आणि दाबण्याचे बळ निघून जाते. अति आवळलेला स्टड हा पुष्कळदा ढिला झालेला स्टड असतो, ही गोष्ट ऐकावयास विचित्र वाटली तरी खरी आहे.

या दाबाची गरज किती, याचा हिशोब कोणासही करता येईल. गावोगाव दिसणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या एका प्रसिद्ध बनावटीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असतो, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. डिझेल पेटते त्या क्षणी आत दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७० किलोग्रॅमचा दाब निर्माण होतो. म्हणजे हेड वर उचलू पाहणारे बळ साडेतीन हजार किलोग्रॅमच्या घरात जाते. धान्याची पस्तीस क्विंटल पोती हेडखालून एकदम वर रेटावीत तसा हा धक्का आहे. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल तर असे धक्के मिनिटास ७५०, तासास ४५,००० बसतात. आठ तास ओलीत केले तर ते साडेतीन लाखांच्या वर जातात. प्रत्येक धक्क्याला हेड केसभर जरी उचलले गेले तरी तप्त वायू त्या फटीतून शिरून गॅस्केट जाळतो. हा धक्का बसत असतानाही गॅस्केटवर भरपूर दाब शिल्लक राहिला पाहिजे, म्हणून साऱ्या स्टडांचा मिळून ताण धक्क्याच्या कितीतरी पट ठेवलेला असतो. आणि तो सर्व स्टडांवर सारखा असावा लागतो. तीन स्टड घट्ट आणि चौथा सैल, असे झाले तर हेड त्या बाजूने उचलले जाते आणि कालांतराने वाकते. नंदनवनात घासून आणलेले हेड पुन्हा वाकण्याचे हे एक नेहमीचे कारण होय.

नट फिरविण्यासाठी लावलेल्या पिळाच्या बळाला टॉर्क म्हणतात. नटाच्या मध्यापासून हात जितका दूर आणि ओढ जितकी जोराची, तितका टॉर्क अधिक. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी माणसाने ३० किलोग्रॅमची ओढ दिली तर साडेसात किलोग्रॅम-मीटर टॉर्क होतो. त्याच पान्यावर नळी चढवून एकंदर लांबी एक मीटर केली आणि ओढ तीच ठेवली तर टॉर्क ३० किलोग्रॅम-मीटर होतो. मिस्त्रीच्या हाताला दोन्ही वेळी सारखाच जोर लागला, स्टडावर मात्र चौपट भार आला. बारा मिलिमीटर जाडीच्या, सामान्यतः वापरात असलेल्या चांगल्या पोलादी स्टडाला आठ-नऊ किलोग्रॅम-मीटरच्या पलीकडे नेणे धोक्याचे असते. मग नळी लावल्यावर त्याचे काय होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हाताला श्रम कळतो, ताण कळत नाही. दिवसाच्या अखेरीस थकलेला हात सकाळच्या हाताहून कमी आवळतो, तरुण मिस्त्रीचा हात म्हाताऱ्याहून अधिक आवळतो, आणि शेतकरी शेजारी उभा राहून ‘अजून थोडे, अजून थोडे’ म्हणत असेल तर विचारूच नये.

टॉर्कचा सारा जोर स्टड ताणण्यातच खर्ची पडतो असेही नाही. साधारणपणे निम्मा जोर नटाच्या तळाखालील घर्षणात आणि त्याहून थोडा कमी आट्यांच्या घर्षणात जातो. स्टड ताणण्यास दहावा हिस्सा उरला तरी पुष्कळ. आटे गंजलेले किंवा मातीने भरलेले असतील तर हा दहावा हिस्साही उरत नाही. पाना आकडा बरोबर दाखवितो आणि स्टड तसाच सैल राहतो. उलट जेथे कोरडे आटे अभिप्रेत आहेत तेथे भरपूर तेल घातले, तर त्याच आकड्याला स्टड नको तितका ताणला जातो. म्हणून टॉर्क पाना हा काही देव नव्हे. तो घर्षणासह पीळ मोजतो, ताण थेट मोजीत नाही. आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे, इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे तेलाचा थेंब लावणे, नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरतो की नाही हे पाहणे, या गोष्टी मापाचाच भाग समजावयास हव्यात. जुन्या स्टडावर नट बोटाने फिरविताना मध्येच अडकला तर तो स्टड ताणला गेला आहे असे समजून बदलावा. जुन्या स्टडाचे आटे नव्या स्टडाच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरले तरीही हा दोष दिसून येतो.

या विवेचनावर गावात एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘आमच्या वडिलांच्या वेळचे इंजिन तीस वर्षे चालले, तेव्हा कोणता टॉर्क पाना होता?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात शेतीसाठी इंजिने बनविण्याची परंपरा जुनी आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनविण्यास आरंभ केला होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झाली. कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्याचा पायाही पुष्कळ अंशी ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून आणि सुट्या भागांतून घातला गेला. त्या काळची पुष्कळशी इंजिने मिनिटास सहा-सातशे फेऱ्यांनी धीमेपणे चालणारी, जाड बिडाच्या हेडांची आणि दणकट स्टडांची होती. त्यांत चूक सोसण्याची ताकद होती. मिस्त्रीने थोडे कमी-जास्त केले तरी इंजिन ते पोटात घालीत असे. आजची इंजिने वजनाने हलकी, वेगाने दुप्पट-तिप्पट आणि दाबाने अधिक आहेत. तेवढ्याच डिझेलात ती अधिक काम देतात, आणि त्या मोबदल्यात चुकीला जागा ठेवीत नाहीत. जुन्या मिस्त्रींचा मान राखूनही हा फरक त्यांना समजावून सांगणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा, की विहिरीवर आता विजेचे पंप आले, सौर पंप येत आहेत, मग डिझेल इंजिनाची चिंता कशाला? परंतु जेथे वीज रात्री येते किंवा येतच नाही तेथे इंजिनच पाणी काढते. जेथे ते केवळ राखीव म्हणून ठेवले आहे तेथेही ऐन निकडीच्या वेळीच त्याची आठवण होते, आणि वर्षभर पडून राहिलेल्या इंजिनाचे गॅस्केट अशा वेळी दगा देते. शिवाय ट्रॅक्टर, पॉवर टिलर, मळणीयंत्रे यांच्या पोटात तरी दुसरे काय असते? पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टरचे हेड उतरवावे लागले तर एका घराचे नव्हे, तो भाड्याने लावणाऱ्या वीस घरांचे काम खोळंबते.

टॉर्क पान्याचा जन्मही पाण्याच्याच कामातून झाला, ही योगायोगाची गोष्ट आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी १९१८ च्या सुमारास असे साधन बनविले, असे सांगितले जाते. जमिनीखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट मजूर नको तितके आवळून तोडीत, म्हणून त्याची गरज भासली. म्हणजे बळ लावण्याची हौस ही काही आपल्याकडील मिस्त्रींचीच खोड नव्हे.

बाजारात टॉर्क पाने मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एकात दांडा वाकतो आणि काटा आकड्यांच्या पट्टीवर सरकतो. दुसऱ्यात ठरविलेला आकडा आला की ‘टक्’ असा आवाज होतो. दुसरा वापरावयास सोपा असला तरी आतील स्प्रिंग थकू नये म्हणून काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा लागतो आणि अधूनमधून तपासून घ्यावा लागतो. शेतावरील धूळ, उन्ह आणि हलगर्जीपणा ध्यानी घेता गावासाठी काट्याचा साधा पानाच अधिक योग्य म्हणावा लागेल. त्यात बिघडण्याजोगे फारसे काही नसते, आणि काटा शून्यावर आहे की नाही हे पाहण्यास कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही.

तोही हाताशी नसेल तेव्हा काय करावे? कापूस वेचणीच्या दिवसांत वेचणाऱ्या बायांचे गाठोडे तोलण्यास जो स्प्रिंगचा ताणकाटा वापरतात, तो अशा वेळी कामास येतो. रिंग पान्यास जोडलेल्या मजबूत दांड्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खूण करावी, तेथे काट्याचा आकडा अडकवावा आणि काटा दांड्याशी काटकोनात धरून सावकाश ओढावा. काट्यावर १६ किलोग्रॅम दिसले की टॉर्क ८ किलोग्रॅम-मीटर झाला. हिसका दिला तर माप चुकते आणि काटा तिरका ओढला तरीही चुकते. एवढी दक्षता घेतली तर केवळ अंदाजापेक्षा हा उपाय पुष्कळच बरा.

आकडा कोणता घ्यावयाचा, हे मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच पाहावे. वर दिलेला आठाचा आकडा उदाहरणापुरता आहे. तो सर्व इंजिनांना लावू नये. पुस्तिका नव्या असतील तर आकडे न्यूटन-मीटरमध्ये असतात, जुन्यांत किलोग्रॅम-मीटर असते आणि काही पान्यांवर फूट-पौंड असतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२ फूट-पौंड. न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पौंडाच्या पट्टीवर वाचला गेला तर नट एक-तृतीयांशाहून अधिक जास्त आवळला जातो, आणि स्टड का तुटला याचे कोडे कोणालाच उलगडत नाही.

आवळण्याचा क्रम हा टॉर्कइतकाच महत्त्वाचा आहे. चार स्टडांच्या हेडावर समोरासमोरचे नट तिरप्या जोडीने आवळावे. ट्रॅक्टरच्या लांब हेडावर मधल्या नटांपासून आरंभ करून दोन्ही टोकांकडे जावे. हेडचा मध्य आधी बसला नाही तर मध्यभागी फुगवटा राहतो. एकाच दमात पूर्ण आवळू नये. पहिल्या फेरीत एक-तृतीयांश, दुसरीत दोन-तृतीयांश आणि तिसरीत पूर्ण, असे करावे. त्यापूर्वी ब्लॉकमधील स्टडाच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेले नाही, हे पाहावे. तळ बंद असलेल्या भोकातील तेलाला निघावयास वाट नसते आणि स्टड आत शिरताना त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. जुने गॅस्केट खरवडताना ते ओले करूनच खरवडावे आणि तोंडावर फडके बांधावे, कारण जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरते. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा वापरण्याची काटकसर तर कधीच करू नये. हेड आवळल्यानंतर टॅपेटचे अंतर पुन्हा जुळवावे लागते, ही बाब घाईत नेमकी विसरली जाते.

पुष्कळशा जुन्या धर्तीच्या इंजिनांत नवे गॅस्केट पहिल्या काही तासांच्या उष्णतेने थोडे बसते आणि स्टडाचा ताण उतरतो. म्हणून इंजिन चालवून, निवल्यावर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा आवळावे लागते. काही नव्या ट्रॅक्टरांत हा नियम लागू नाही. त्यांचे बोल्ट ठराविक टॉर्कनंतर ठराविक अंश फिरवून मुद्दाम ताणलेले असतात. ते पुन्हा आवळावयाचे नसतात, आणि कित्येकदा पुन्हा वापरावयाचेही नसतात. कोणत्या यंत्रास कोणता नियम लागतो, हे मिस्त्रीने पुस्तिका पाहून ठरवावे. पुस्तिका मात्र अनुदानाच्या कागदांबरोबर पेटीच्या तळाशी पडलेली असते, किंवा वाचता येईल अशा भाषेत ती मिळालेलीच नसते. मराठी पुस्तिका देणे हे यंत्र विकणाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि यंत्र घेताना ती मागून घेणे हे शेतकऱ्याचे.

दुसऱ्यांदा आवळण्याच्या या प्रश्नात गावाच्या व्यवहाराची एक बाजू दडलेली आहे. मिस्त्रीची मजुरी उक्ती ठरते. हेड बसवून इंजिन सुरू झाले की पैसे दिले जातात आणि संबंध संपतो. पंचवीस तासांनंतर त्याने पुन्हा यावे, इंजिन निवेपर्यंत थांबावे, नट तपासावे आणि टॅपेट पुन्हा जुळवावे, यासाठी त्याला कोण काय देतो? काहीच नाही. मग तो येत नाही, आणि न येण्याची भरपाई म्हणून पहिल्याच दिवशी ‘थोडे जास्तच’ आवळून ठेवतो. नळी चढविण्याचे खरे कारण पुष्कळ वेळा हेच असते. यात मिस्त्रीचा दोष आहेच. परंतु दुसऱ्या फेरीचे पैसे वाचविणाऱ्या शेतकऱ्याचा दोष त्याहून कमी आहे असे म्हणता येत नाही. हेड बसविण्याची मजुरी ठरवितानाच दुसऱ्या भेटीची मजुरी त्यात धरावी आणि ती त्या भेटीनंतरच चुकती करावी. हा बदल करावयास कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

वजनमापांच्या बाबतीत गावाने पूर्वी मोठा बदल स्वीकारलेला आहे. १९५६ साली संमत झालेल्या कायद्याने देशात दशमान पद्धतीची वजने व मापे आली. तेव्हा शेर, मण, पायली यांवर वाढलेल्या पिढीने कुरकुरत का होईना, पण किलोग्रॅम आणि लिटर आपलेसे केले. बाजार समितीत आज कोणी कापूस हाताने उचलून ‘एवढा असेल’ म्हणाला तर शेतकरी तो सौदा मान्य करणार नाही. दूध मापाने, खत तोलून, औषध मिलिलिटरने. मग ज्या नटांवर त्या साऱ्या पिकाचे पाणी अवलंबून आहे, त्यांच्याच बाबतीत अंदाज का चालवून घ्यावा?

प्रत्येक शेतकऱ्याने टॉर्क पाना विकत घ्यावा, असे येथे सुचविण्याचा हेतू नाही. तो वर्षातून एकदा-दोनदाच लागतो. परंतु अवजारे भाड्याने देणारे केंद्र, शेतकरी गट किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणाकडे तरी गावात एक पाना असावा. हेड, गॅस्केट आणि मजुरी मिळून एका फसलेल्या दुरुस्तीस जो खर्च येतो, त्या मानाने साधा पाना महाग नसतो. तो मिस्त्रीला विनामूल्य वापरावयास द्यावा आणि वापराची नोंद वहीत ठेवावी. अवजारांसाठी अनुदान मिळालेल्या गटांनी तर नांगर-पेरणीयंत्रांच्या यादीत त्याचा समावेश आवर्जून करावा. चकाकणारे मोठे अवजार घ्यावे आणि ते चालते ठेवणारे लहान साधन विसरावे, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो.

नंदनवनात १९८४ पासून कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे आणि विदर्भातील अशा इतर महाविद्यालयांत यंत्रशाखेचे विद्यार्थी स्टडाचा ताण आणि टॉर्क यांचे गणित शिकतात. तालुक्या-तालुक्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. या संस्थांनी वर्षातून एक दिवस, शक्यतो रब्बीच्या पेरणीपूर्वी, आसपासच्या गावांतील टॉर्क पाने आणि ताणकाटे तपासून देण्याचे मनावर घेतले, तर विद्यार्थ्यास खरे काम पाहावयास मिळेल आणि मिस्त्रीस खात्रीचे माप. त्या दिवशी मिस्त्रींना विद्यार्थ्यांसमोर उभे करून उपदेश करण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याने पाचशे हेडे बसविली आहेत त्याच्या हातात आधी पाना द्यावा, त्याला त्याच्या नेहमीच्या अंदाजाने एक नट आवळू द्यावा आणि मग काटा कोठे थांबला ते त्यालाच वाचू द्यावे. सांगावयाचे बरेचसे त्यातच सांगून होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने रब्बीच्या आरंभी गावातील इंजिने आणि ट्रॅक्टर यांची एक साधी यादी करावी: बनावट कोणती, हेडचा टॉर्क किती, आवळण्याचा क्रम कसा, दुसऱ्यांदा आवळावयाचे की नाही. हे चार तपशील पुस्तिकेवरून उतरवून घेऊन इंजिनघराच्या भिंतीवर तैलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहावे. कागद उंदीर खातात आणि पुस्तिका हरवते. हेड ज्या दिवशी बसविले ती तारीख आणि दुसऱ्यांदा आवळल्याची तारीख त्याखाली खडूने लिहीत जावी, आणि पुढच्या वेळी मिस्त्री पाना काढण्यापूर्वी त्याला ती भिंत दाखवावी.